बाळ दूध टाकतंय? या चुका टाळा

पाजून होतं न होतं तोच दुपट्यावर दह्यासारखी गुळणी आली की घरात लगेच ठरतं, आईचं दूध पचत नाही. मग अंगावरचं बंद आणि पावडरचा डबा सुरू. सगळ्यात मोठी चूक ती हीच. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू तान्ह्या बाळाचा सैल असतो, म्हणून दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे जास्त दिसतं, वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप थांबतं. बाळ हसतंय, वजन भरतंय, तर औषधाची गरज नसते.

आधी पाजणं नीट बघा. नुसती बोंडी तोंडात असेल तर बाळ चपचप आवाज करत हवा गिळतं. बोंडीभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला. बाटलीने पाजत असाल तर बाळाने तोंड फिरवल्यावर उरलेलं संपवायचा आग्रह नको. दूध पातळ करणं किंवा त्यात नाचणीचं सत्त्व घालणं, दोन्ही घातक.

पाजल्यावर ढेकर काढून वीस-तीस मिनिटं उभं धरा. लगेच मालिश-अंघोळ नको. मालिशवाल्या मावशींची वेळ ठरलेली असते हे खरं, पण मग पाजणं अंघोळीनंतर ठेवा. लंगोटही पोटावर करकचून बांधू नका.

‘पालथं झोपवलं की दूध येत नाही’ हे ऐकू नका. त्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. उताणं, सपाट गादीवर, उशीशिवाय झोपवा. मोहरीची उशीसुद्धा नको.

गुटी, ग्राइप वॉटर, शेजारच्या बाळाला लिहून दिलेले थेंब यातलं काहीच देऊ नका. वर्षाच्या आत मध तर बोटभरही नाही. त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

पहिल्या तीन महिन्यांत वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. ते अडलं, शू दिवसात ६ वेळांपेक्षा कमी झाली किंवा बाळ प्यायलाच तयार नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उलटी लांब फेकली जात असेल तर जठराचं पुढचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून न्या, निदानाला मदत होते. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा.