व्हिडिओ फाइल उघडत नाही? आधी दोष फाइलचा की प्लेअरचा ते ठरवा

व्हिडिओ उघडला नाही की बरेच जण सापडेल तो 'कोडेक पॅक' डाउनलोड करून टाकतात (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून भरण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत; पॅक म्हणजे अशा अनेक कोडेकचा गठ्ठा). तसं करू नका. अनोळखी साइटवरच्या पॅकबरोबर नको ते सॉफ्टवेअरही कॉम्प्युटरमध्ये शिरतं. आधी एवढंच शोधा: फाइल खराब आहे, की फाइल धड आहे आणि प्लेअरला ती वाचता येत नाही?

सुरुवातीलाच फाइलची एक कॉपी काढा आणि पुढचं सगळं त्या कॉपीवरच करा. फाइल कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर असेल, तर त्या कार्डावर नवीन काहीही रेकॉर्ड करू नका.

१. आकार पाहा. फाइलवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. ० केबी असेल तर आत काहीच नाही, पुन्हा डाउनलोड करा. अर्ध्या तासाचा व्हिडिओ जेमतेम १०-२० केबीचा दिसला, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. पहिल्याच ओळीत 'एचटीएमएल' (html) ही अक्षरं दिसली, तर व्हिडिओऐवजी एखादं वेबपेजच सेव्ह झालंय. लिंकची मुदत संपली असेल किंवा लॉगिन राहिलं असेल, तर असं होतं.

२. व्हीएलसी (VLC) या मोफत प्लेअरमध्ये लावून बघा. बहुतेक कोडेक त्याच्या आतच असतात. तो अधिकृत साइटवरूनच घ्या. इथे व्हिडिओ चालला, तर फाइल धड आहे.

मग आधी का चालत नव्हता? एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे नुसते डबे. आतलं चित्र एच.२६४, एचईव्हीसी किंवा एव्ही१ अशा कोडेकने दाबून भरलेलं असतं. म्हणूनच एमकेव्हीचं नाव बदलून एमपी४ केल्याने काही साधत नाही, डब्यावरची चिठ्ठी तेवढी बदलते. आत कोणता कोडेक आहे ते बघायला व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा.

विंडोजच्या प्लेअरमध्ये आवाज येतो पण चित्र येत नाही, अशा वेळी पहिला संशय एचईव्हीसीवर घ्या. मोबाइलचा कॅमेरा 'हाय एफिशिअन्सी' मोडवर असला की तो याच कोडेकमध्ये रेकॉर्ड करतो. फाइल दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ करून घ्या. यात आकार सहसा वाढतो आणि चित्राचा दर्जा थोडा उतरतो, त्यामुळे मूळ फाइल जपून ठेवा.

३. व्हीएलसीतही आवाज आहे, पण पडदा काळा किंवा हिरवा? 'टूल्स'मधून 'प्रेफरन्सेस', तिथे 'इनपुट/कोडेक्स', आणि हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) 'डिसेबल' करा. सेव्ह करून व्हीएलसी बंद करून परत उघडा. यानंतर चित्र दिसलं तर गोंधळ ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे, तो अपडेट करा.

४. कुठेच चालत नाही? डाउनलोड केलेली फाइल असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, पुन्हा उतरवून घ्या. स्वतःचं रेकॉर्डिंग मात्र सहज सोडू नका. एमपी४ आणि एमओव्ही फाइलमध्ये 'मूव्ह' नावाची एक अनुक्रमणिका असते, कोणती फ्रेम कुठे आहे याची. बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहितात. त्याआधीच बॅटरी संपली किंवा कार्ड ओढून काढलं, तर फाइल दोन-तीन जीबीची दिसते, चित्रही आत असतं, पण प्लेअरला त्यातलं काहीच सापडत नाही.

आधी कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घालून तो चालू करा. काही कॅमेरे अशी अर्धवट फाइल स्वतःच नीट करतात. नाही झालं तर 'अनट्रंक' हे मोफत साधन वापरा. त्याला दोन फाइली लागतात: बिघडलेली, आणि नमुना म्हणून त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल. नमुन्याचं रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट बिघडलेल्या फाइलसारखाच हवा. दुरुस्तीनंतर चित्र तुटक येत असेल किंवा आवाज मागे-पुढे होत असेल, तर नमुना बदलून पुन्हा करा.