घरच्या सर्व्हरवरील कंटेनरला ग्राफिक्स चिप कशी वापरू द्यावी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एखाद्या कार्यालयातून निघालेला छोटा संगणक आणावा, त्यावर लिनक्स आणि डॉकर (प्रोग्राम एकमेकांपासून अलग कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारे साधन) बसवावे आणि घरातले सगळे व्हिडिओ जेलीफिन या व्हिडिओ-सर्व्हर प्रोग्राममधून सर्वांना पाहता यावेत, असा बेत अनेकांचा असतो. घरातल्या टीव्हीवर सारे सुरळीत चालते. पण डोंबिवली लोकलमधून कोणी तोच चित्रपट मोबाइलवर लावला की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, पंखा घरघरतो आणि चित्र अडखळते. मोबाइलच्या नेटवर्कला झेपेल अशा रूपात व्हिडिओ तिथल्या तिथे बदलावा लागतो, म्हणजेच ट्रान्सकोड करावा लागतो. हे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवता येते.

कंटेनर हा वेगळा संगणक नाही. त्याला स्वतःचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नसतो. त्यामुळे चिप चालवणारा कर्नलमधला ड्रायव्हर होस्टवरच, म्हणजे मूळ संगणकावरच, असायला हवा, आणि कंटेनरला केवळ त्या चिपची डिव्हाइस फाइल (लिनक्समध्ये चिपशी बोलण्याचे दार) व ती उघडण्याची परवानगी द्यायची असते. बहुतेकांचा दिवस वाया जातो तो परवानगीपाशी. (आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी टंकताना ती रोमन लिपीतच टंकावीत.)

इंटेलच्या अंगभूत चिपपासून सुरुवात करावी, कारण घरच्या कामाला ती बहुधा पुरते. सातव्या पिढीपासूनचे प्रोसेसर दहा बिटांचे एचईव्हीसी (एच२६५) या प्रकारचे व्हिडिओही हार्डवेअरवर उलगडतात, म्हणून जुना संगणक घेताना पिढी विचारून घ्यावी. प्रथम होस्टवर /डेव्ह/डीआरआय या फोल्डरची तपशीलवार यादी पाहावी. तिथे रेंडरडी१२८ नावाची फाइल दिसायला हवी. तिच्या ओळीत मालक रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता), ग्रुप रेंडर आणि पुढे २२६, १२८ हे आकडे असतात. फाइलच नसेल तर डॉकरला हात लावण्यात अर्थ नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असल्यास काही मदरबोर्ड अंगभूत चिप आपोआप बंद करतात; ती बायोसमधून चालू करावी लागते. फाइल दिसल्यावर व्हीएइन्फो ही चिपला झेपणारे व्हिडिओ-प्रकार दाखवणारी आज्ञा चालवून एच२६४ आणि एचईव्हीसी यांची नावे यादीत येतात ना, ते तपासावे.

आता कंपोज फाइलमधील (कंटेनर कसा चालवायचा हे डॉकरला सांगणारी फाइल) डिव्हायसेस या विभागात तीच फाइल त्याच नावाने कंटेनरला द्यावी. कंटेनर रूटऐवजी साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल, आणि तसाच तो चालवावा, तर ग्रुप_अॅड या विभागात रेंडर ग्रुप जोडावा लागतो. येथे ग्रुपचे नाव न लिहिता क्रमांक लिहावा, कारण नावाचा क्रमांक कंटेनर स्वतःच्या इमेजमधल्या (ज्या तयार साच्यातून तो उभा राहतो त्यातल्या) यादीत शोधतो आणि ती यादी होस्टशी जुळेलच असे नाही. होस्टवर ‘गेटएंट ग्रुप रेंडर’ ही आज्ञा तो क्रमांक सांगते. होस्टवर नव्याने उबुंटू बसवल्यावर मी जुनी कंपोज फाइल जशीच्या तशी वापरली. ग्रुपचा क्रमांक मात्र बदललेला होता, आणि ते लक्षात यायला अख्खी संध्याकाळ गेली. अशा वेळी प्रिव्हिलेज्ड हा पर्याय चालू करून मोकळे होण्याचा मोह होतो, पण त्याने कंटेनरला होस्टची सारी डिव्हाइस खुली होतात. एका चिपसाठी ती किंमत फार आहे.

एनव्हिडियाच्या कार्डाची रीत निराळी आहे. ड्रायव्हर होस्टवर बसवून ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा तिथे चालते याची खात्री करावी, मग एनव्हिडियाचे कंटेनर टूलकिट बसवून त्यातल्या ‘एनव्हिडिया-सीटीके’ या साधनाने डॉकरची मांडणी करावी आणि डॉकर पुन्हा सुरू करावे. एक फसवी अडचण अशी की कंटेनरमध्ये एनव्हिडिया-एसएमआय व्यवस्थित चालते, तरीही व्हिडिओ ट्रान्सकोड होत नाही. ड्रायव्हरच्या कोणत्या क्षमता कंटेनरला द्यायच्या हे एका पर्यावरण चलाने (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे कंटेनरला दिलेली एक सेटिंग) ठरते आणि मुळात त्यात व्हिडिओ नसतो. काही इमेज तो स्वतःच जोडतात, नसल्यास आपण जोडावा. तसेच होस्टवर ड्रायव्हर अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर आवृत्त्या जुळत नसल्याची चूक दिसते.

शेवटी जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये हार्डवेअर प्रवेग (हार्डवेअर अॅक्सिलरेशन) चालू करावा, नाहीतर वरचे सारे करूनही भार प्रोसेसरवरच राहतो. चाचणी घेताना चित्रपट मूळ दर्जात लावू नये. तो जसाच्या तसा पाठवला जातो आणि चिप निवांत बसलेली दिसते. दर्जा मुद्दाम कमी करावा आणि होस्टवर रूट म्हणून ‘इंटेल_जीपीयू_टॉप’ चालवून व्हिडिओच्या ओळीतला आकडा वर जातो का ते पाहावे. तो शून्यावरच राहिला तर एफएफएमपेगचा (जेलीफिनमध्ये ट्रान्सकोड करणारा प्रोग्राम) लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, उघडावा: परवानगी नाकारल्याचे लिहिले असेल तर ग्रुपचा क्रमांक तपासावा, आणि फाइल सापडत नसल्याचे लिहिले असेल तर कंपोज फाइलमधील डिव्हाइसची ओळ.