रेडिएशननंतरचा छातीचा सीटी स्कॅन: या चुका टाळा

छातीवरचं रेडिएशन संपून दोन-तीन महिने झाले, कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली, एक्स-रे स्वच्छ आला आणि विषय तिथेच मिटला. असं पुष्कळदा होतं. फुफ्फुसाला झालेली इजा सुरुवातीला फक्त धूसर झाक म्हणून उमटते, आणि ती साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसतच नाही. पातळ काप घेतलेल्या सीटीवर दिसते. लक्षणं असतील तर स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र माहितीची. सीटीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘कॅन्सर, फॉलोअप’ लिहिलेलं असतं. रेडिएशन कधी संपलं, कुठल्या भागाला दिलं, किती ग्रे (किरणांच्या डोसचं एकक), कोणत्या तंत्राने, काहीच नाही. मग रेडिऑलॉजिस्टने त्या पांढुरक्या भागाला म्हणायचं तरी काय? ही इजा फुफ्फुसाच्या खंडांच्या सीमा जुमानत नाही, किरणांची वाट धरते. न्यूमोनिया बहुधा दोन खंडांमधल्या पडद्याशी अडतो; ही झाक पडदा ओलांडून पलीकडे जाते. समोरासमोरून किरणं देण्याच्या जुन्या पद्धतीत तिची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. म्हणून ट्रीटमेंट प्लॅनमधला डोसचा नकाशा सीटीच्या शेजारी उघडून पाहावा. पण ‘कड सरळ नाही, म्हणजे रेडिएशनमुळे नाही’ हा तर्कही आता चालत नाही. आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणारं तंत्र) आणि एसबीआरटी (मोजक्या सत्रांत मोठा डोस नेमका गाठीवर देणारं तंत्र) यांत किरणं अनेक कोनांतून येतात, त्यामुळे बदल वेडेवाकडे, कधी चक्क गाठीसारखे दिसतात.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये कॉलरबोनच्या वरच्या ग्रंथींनाही रेडिएशन दिलं असेल, तर फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी वण राहू शकतो. जुनी फाइल न पाहता त्याला ‘बरा झालेला टीबी’ ठरवू नका.

काळाचा हिशेबही चुकतो. न्यूमोनायटिस, म्हणजे फुफ्फुसाची सूज, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत येते. फायब्रोसिस, म्हणजे कायमचा वण, त्यानंतर हळूहळू होतो आणि साधारण दोन वर्षांत स्थिरावतो. शेवटच्या डोसनंतर थोड्याच दिवसांत ताप आणि कफ आला, तर आधी संसर्ग शोधा. अचानक धाप लागली तर रक्ताची गुठळी नाही ना, हे पाहा. त्यासाठी साधा सीटी पुरत नाही, कॉन्ट्रास्ट देऊन पल्मनरी अँजिओग्राफी, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, लागते. ड्युरव्हॅल्युमॅबसारखी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढायला लावणारं औषध) चालू असेल तर त्या औषधानेही न्यूमोनायटिस होतो, आणि तो किरणांच्या क्षेत्राबाहेर, दोन्ही फुफ्फुसांत पसरू शकतो.

पेट-सीटीची, म्हणजे ग्लुकोज जास्त वापरणारा भाग चमकवून दाखवणाऱ्या स्कॅनची, घाई नको. सुजेलाही ग्लुकोज लागतं, त्यामुळे ताज्या इजेचा भाग कॅन्सरसारखाच चमकतो. रेडिएशननंतर किमान १२ आठवडे थांबलेलं बरं, आणि एसबीआरटीनंतर तर ही चमक आणखी बराच काळ टिकू शकते.

मग कॅन्सर परतल्याची शंका कधी घ्यायची? रेडिएशननंतर वर्ष उलटल्यावरही इजेचा भाग वाढतच असेल, कड फुगून बाहेर येत असेल, आत आधी दिसणाऱ्या हवेच्या नळ्या बुजल्या असतील, तर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त मागच्याच स्कॅनशी तुलना. तीन महिन्यांत वाढलेले एक-दोन मिलिमीटर नजरेतून निसटतात. सहा महिन्यांपूर्वीचा आणि वर्षापूर्वीचा स्कॅनही लावा.

श्वास पूर्ण भरून न धरता काढलेल्या सीटीवर निरोगी फुफ्फुसही धूसर दिसतं. असा स्कॅन वाचत बसण्यापेक्षा पुन्हा काढावा.

आणि रिपोर्टमध्ये ‘न्यूमोनायटिस’ वाचून स्टेरॉइड सुरू करण्याची घाई करू नका. झाक आहे पण त्रास काहीच नाही, असे रुग्ण पुष्कळ असतात; त्यांच्यावर सहसा नुसतं लक्ष ठेवलं जातं. त्रास असेल तेव्हा डॉक्टर स्टेरॉइड देतात आणि ते अनेक आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून रुग्णाने ते स्वतःहून थांबवलं, तर सूज पुन्हा उफाळू शकते.