टीव्हीच्या वर सेंटर स्पीकर बसवायचाय? आधी भिंत ओळखा

आमच्या सेंटर स्पीकरला, म्हणजे होम थिएटरमधल्या डायलॉगच्या मधल्या स्पीकरला, चालायची सवय होती. टीव्हीच्या वर भिंतीला फळी मारून तो ठेवलेला आणि दर रविवारी धूळ पुसताना बघावं तर साहेब एक-दोन सूत पुढे आलेले. मी आपला मागे ढकलायचो, मला वाटायचं बायकोने पुसताना हलवला असेल, तिला वाटायचं मी वायर बघायला हलवला असेल. मग दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढलो तर पुढचे दोन्ही रबरी पाय अर्धे फळीच्या बाहेर, नऊ किलोचा डबा आणि बरोब्बर खाली ५५ इंची टीव्ही! त्या दिवशी कळलं की वर ठेवलेला स्पीकर धाडकन पडत नाही, तो आधी सरकतो, रोज थोडा थोडा, आणि पडतो एकदाच.

तर हे काम नीट कसं करायचं ते सांगतो. पण त्याआधी एक, टीव्हीच्या खाली युनिटवर स्पीकरला मोकळी जागा असेल तर वर चढवायच्या भानगडीत पडूच नका, खालीच ठेवा आणि पुढच्या बाजूला काहीतरी घालून तोंड थोडं वर करा, झालं काम. आमच्याकडे खाली सेटटॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टरचं बोर्ड आणि हाताला येईल ते ओढणारा दोन वर्षांचा पुतण्या, म्हणून वर गेलो. आणि वर गेल्याने आवाज बिघडतो असं काही नाही. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे कानाला चटकन कळतं, वरून आला की खालून हे तेवढं कळत नाही, त्यात समोर ओठ हलताना दिसत असले की डोकं आवाज पडद्यालाच चिकटवून टाकतं. फक्त स्पीकरचं तोंड तुमच्याकडे पाहिजे. सरळ समोरच्या भिंतीकडे बघत बसलेला स्पीकर तुमच्या डोक्यावरून बोलतो आणि डायलॉग दबल्यासारखे येतात, मग आपण आवाज वाढवतो, मग गोळीबार सुरू झाला की शेजारी बेल वाजवतात.

म्हणून ड्रिल हातात घ्यायच्या आधी टेप घ्या. सोफ्यावर नेहमी बसता तसं बसा (ताठ नाही, नेहमीसारखं पसरून) आणि कोणाला तरी जमिनीपासून कानापर्यंत मोजायला सांगा. आमच्याकडे ३८ इंच आलं. मग स्पीकर जिथे येणार तिथे त्याच्या ट्वीटरची उंची, म्हणजे मधल्या त्या छोट्या गोल घुमटाची. आमचा टीव्ही जमिनीपासून ३० इंचांवर सुरू होतो आणि ५८ ला संपतो, वर थोडी फट सोडून फळी, तिच्यावर स्पीकर, असं धरून ट्वीटर ६६ ला आला. फरक २८ इंच. सोफा ९ फुटांवर, म्हणजे १०८ इंच. २८ भागिले १०८ म्हणजे साधारण पाव, आणि स्पीकरची खोली १० इंच, त्याचा पाव अडीच इंच. झालं, स्पीकर मागून अडीच इंच उचलायचा. अंशात बोलायचं तर साडेचौदाच्या आसपास, मोबाईलमधल्या लेव्हल अ‍ॅपने तपासता येतं.

टीव्ही आणि फळीमध्ये कमीत कमी दोन-तीन इंच सोडा, बऱ्याच टीव्हींची गरम हवा मागून वर निघते, जास्त सोडलीत तर उत्तमच पण स्पीकर जेवढा वर जाईल तेवढा जास्त वाकवावा लागेल हे लक्षात ठेवा. काही लोक अजून विचारतात की स्पीकरच्या चुंबकाने टीव्ही खराब होईल का, तर ते जुन्या पिक्चर ट्यूबच्या डब्यांचं होतं, कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग पडायचे. आताच्या एलईडी-ओएलईडीला काही होत नाही. स्पीकर अंगावर पडला तर होतं.

आता भिंत. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण सगळे फळी किती मजबूत ते बघतात आणि वजन घेते भिंत. जिथे फळी येणार तिथे एक छोटं भोक मारून बघा आणि ड्रिलमधून निघणारा भुगा बघा. पहिला अर्धा-पाऊण इंच प्लास्टरचा, तो सोडून द्या, त्याच्या पुढचं बघायचं. लालसर भुगा आला तर वीट. पिठासारखा पांढुरका भुगा आला आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे ते हलके सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक, नव्या बिल्डिंगांमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा ह्याच असतात. ड्रिल किंचाळतंय आणि आत जायलाच तयार नाही तर काँक्रीट. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर जिप्समचं पार्टिशन, तिथे आतला लोखंडी चॅनल सापडल्याशिवाय एक किलोसुद्धा लटकवू नका.

विटेत ८ एमएमचं भोक, चांगल्या प्रतीचा लांब रॉल प्लग (भोकात बसणारी प्लास्टिकची गुल्ली) आणि अडीच-तीन इंची स्क्रू, एवढ्याने काम होतं, फक्त भोक दोन विटांच्या मधल्या सांध्यात येऊ देऊ नका, तिथे पकड नसते. काँक्रीटला हॅमर ड्रिल आणि लोखंडी अँकर फास्टनर. सिपोरेक्समध्ये मात्र तो लोखंडी फास्टनर अजिबात नको, आवळला की फुगतो आणि ब्लॉकच आतून फोडतो. सिपोरेक्ससाठी वेगळे लांब नायलॉनचे प्लग मिळतात ते घ्या आणि भोक मारताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. मी मात्र आमच्या सुताराचं ऐकलं, त्याने आधी भिंतीला १८ एमएम प्लायचा तीन फुटी तुकडा आठ स्क्रूंनी मारला आणि मग अँगल (फळीला खालून धरणारे एल आकाराचे लोखंडी आधार) त्या प्लायवर बसवले, म्हणजे ओढ दोन-चार भोकांवर न येता आठ ठिकाणी वाटली जाते. वरून भिंतीचाच रंग मारला, कोणाला कळत पण नाही.

आणि हो, टीव्हीच्या मागे किंवा बाजूला जे स्विचबोर्ड आहे त्याच्या सरळ वरच्या रेषेत भोक मारू नका, कन्सिल वायरिंगचा पाइप बहुतेक तिथूनच छताकडे गेलेला असतो. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडून ड्रिलला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्या.

अँगल साधे पातळ पत्र्याचे नको, मध्ये तिरपी पट्टी वेल्ड केलेले घ्या, एक बाजू ८ इंच आणि एक १० असे मिळाले तर १० ची बाजू भिंतीला. लोक उलटं करतात कारण फळी खोल असते, पण भिंतीवरची बाजू जेवढी लांब तेवढी वरच्या स्क्रूवरची ओढ कमी. फळी १८ किंवा १९ एमएमच्या प्लायची, स्पीकरपेक्षा दोन्हीकडे इंचभर जास्त लांब. खोलीला मात्र हिशोब करा, मागे वायर आणि प्लगला दोन-तीन इंच पाहिजेत, स्पीकरला मागून हवेचं भोक असेल तर अजून थोडी जागा, आणि पुढून स्पीकरचं तोंड फळीच्या काठाला आलं पाहिजे. स्पीकर आत आणि फळी पुढे असं ठेवलंत तर आवाज फळीवर आपटून येतो, डायलॉग डब्यातून बोलल्यासारखे लागतात. फळी लावताना पाणसळ ठेवून बघा, ती दोन्ही बाजूंनी एका पातळीत असली पाहिजे, उतार आपण पाचरीने देणार आहोत, फळी वाकवून नाही.

पाचर म्हणजे स्पीकरच्या मागच्या बाजूखाली येणारे लाकडाचे दोन तुकडे, मागे उंच आणि पुढे निमुळते. सुताराकडे दहा मिनिटांचं काम आहे. मी सुरुवातीला जुन्या डायऱ्या घातल्या होत्या, हसू नका, आणि माझ्या स्पीकरच्या चालण्याचं अर्धं कारण ते गुळगुळीत पुठ्ठेच होते. पाचरी फळीला खालून स्क्रूने पक्क्या करा आणि वर रबरी मॅटचे तुकडे चिकटवा, ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार मॅट पण चालते. मग पुढच्या काठाला सेंटीमीटरभर उंचीची लाकडी पट्टी मारा, तिला स्पीकरचा पुढचा तळ अडला पाहिजे, पण ती जाळीच्या किंवा ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या गोल भागांच्या) समोर येता कामा नये. एवढी एक पट्टी असती तर माझी दिवाळी शांततेत गेली असती. शेवटी मागून एक पट्टा, स्पीकरच्या पाठीला स्क्रूची भोकं दिलेली असतील तर तिथून, नसतील तर अख्ख्या डब्याभोवती नायलॉनचा काळा पट्टा फिरवून भिंतीतल्या हुकाला. दिसत नाही, आणि कोणाचा धक्का लागलाच तर टीव्ही वाचतो.

भाड्याच्या घरात भोकं मारायची सोय नसेल तर सुताराकडून टीव्ही युनिटवर बसणारी कमान करून घ्या, दोन उभे खांब आणि वर आडवी फळी, टीव्ही त्या कमानीच्या आत. खांब युनिटला स्क्रूने पक्के हवेत. टीव्हीच्या मागच्या भोकांना लागणारे तयार ब्रॅकेट पण मिळतात पण ते बहुतेक साउंडबारच्या वजनाचे असतात, पाकिटावर लिहिलेला आकडा वाचा. आणि टीव्हीच्या डोक्यावर थेट काही ठेवायचा विचार पण नको.

वायरसाठी १५-२० फुटांना १६ गेज पुरते, ती छोट्या केसिंग पट्टीतून न्या, विजेच्या वायरच्या पाइपात घुसवू नका. लाल ते लाल, काळं ते काळं.

आता आरसा. सोफ्यावर तुमच्या जागी बसा आणि कोणाला तरी एक छोटा सपाट आरसा स्पीकरच्या तोंडाला ट्वीटरजवळ चिकटवून धरायला सांगा. आरशात तुमचा चेहरा दिसला तर कोन बरोबर, पंखा दिसला तर पाचर अजून उंच हवी, पायातली चप्पल दिसली तर कमी करा. आमच्याकडे पहिल्यांदा मागच्या भिंतीवरचं कालनिर्णय दिसलं होतं.

मग रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेत त्या डब्याच्या, सेटिंगमध्ये जा. जागा बदलली म्हणजे जुनं कॅलिब्रेशन (स्पीकरची अंतरं आणि आवाज जुळवणं) गेलं, माइक लावून पुन्हा करा किंवा स्पीकरपासून डोक्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून हाताने टाका. सेंटर ‘स्मॉल’ वर ठेवा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे खालचा बेस सबवूफरकडे जातो, डायलॉग मोकळे होतात आणि स्पीकर फळीवर थरथरत नाही. माझ्याकडे तो ‘लार्ज’ वर होता, म्हणजे चालण्याचं उरलेलं अर्धं कारण हे.

सगळं झाल्यावर मी स्पीकरच्या पायांभोवती फळीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली. रविवारी धूळ पुसताना फक्त रेघ बघायची. दोन वर्षं झाली, पाय रेघेच्या आतच आहेत. मध्यंतरी बेसला वरून काहीतरी खडखडायला लागलं तेव्हा पोटात गोळा आला होता, स्टूल घेऊन चढलो तर रिकामी जागा दिसली म्हणून आईने फळीच्या कोपऱ्यात पितळेचं कासव ठेवलेलं.