आयट्यून्सवर विकत घेतलेली गाणी सीडीवर उतरवताना या चुका टाळा

गाणं पैसे मोजून घेतलंय, तरी सीडी बर्न होत नाही. अशा वेळी बरेच जण ड्राइव्ह किंवा कोऱ्या सीडीला दोष देतात. आधी फाइलचा प्रकार बघा. गाण्यावर राइट-क्लिक करून ‘गेट इन्फो’मधल्या ‘फाइल’ टॅबवर ‘काइंड’पुढे काय लिहिलंय ते वाचा. एएसी हा एमपी३सारखाच गाण्याच्या फाइलचा एक प्रकार. ‘प्रोटेक्टेड एएसी’ म्हणजे फेअरप्लेचं (कंपनीच्या कॉपी रोखणाऱ्या तंत्राचं) कुलूप असलेली एम४पी फाइल. ‘पर्चेस्ड एएसी’ला कुलूप नसतं. ‘अॅपल म्युझिक एएसी’ हे वर्गणी भरून ऐकण्यापुरतं असतं, डाउनलोड केलं तरी ते सीडीवर उतरत नाही.

कुलूपबंद विक्री २००३ साली अमेरिकेत सुरू झाली आणि २००९ मध्ये संपली. भारतातलं स्टोअर उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये, त्यामुळे इथे घेतलेल्या गाण्यांना ही अडचण येत नाही. अडकतात ती त्या वर्षांत परदेशात खरेदी केलेली मंडळी, किंवा त्यांचा जुना संग्रह ज्यांच्याकडे आलाय ते.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे सात वेळांच्या मर्यादेबद्दल. एक गाणं सातदाच बर्न करता येतं असं नाही, ते कितीही वेळा करता येतं. मर्यादा प्लेलिस्टला आहे: जिच्यात एक तरी कुलूपबंद गाणं आहे अशी प्लेलिस्ट काहीही न बदलता सात वेळाच बर्न होते. आधी ही संख्या १० होती. एप्रिल २००४ मध्ये ती ७ वर आणली आणि त्याच वेळी परवानगी असलेले कॉम्प्युटर ३ वरून ५ केले. मर्यादा संपली असेल तर यादीतली गाणी बदला. नुसतं यादीचं नाव बदलून भागत नाही.

‘एकही गाणं बर्न करता येत नाही’ असा संदेश आला, तर कॉम्प्युटर ऑथोराइज केलेला, म्हणजे त्या खरेदीसाठी परवानगी दिलेला, नसण्याची शक्यता मोठी. ‘अकाउंट’मधल्या ‘ऑथोरायझेशन्स’मध्ये जा आणि ज्या आयडीने खरेदी झाली तोच आयडी द्या. नवा आयडी इथे उपयोगाचा नाही. पाचही जागा मोडीत गेलेल्या मशीननी अडवल्या असतील, तर ‘डीऑथोराइज ऑल’ करा. ही सोय वर्षातून एकदाच मिळते. यादीतली मोजकीच गाणी गळत असतील, तर त्यांच्यापुढची टिक निघालेली नाही ना, तेही पाहा.

गाडीत बरीच गाणी मावावीत म्हणून ‘एमपी३ सीडी’ निवडणं ही दुसरी हमखास चूक. कुलूपबंद गाण्याचं एमपी३ होतच नाही, म्हणून ते वगळलं जातं. ‘पर्चेस्ड एएसी’ आधी ‘कन्व्हर्ट’मधून एमपी३ करून घ्यावं लागतं. ‘डेटा सीडी’ बॅकअपला उत्तम, पण तिच्यावर एम४पी कुलपासकटच जाते आणि साध्या प्लेअरवर वाजत नाही. कुठल्याही प्लेअरवर वाजायला हवी असेल, तर ‘ऑडिओ सीडी’च निवडा. तिच्यावर ८० मिनिटं मावतात. गाण्यांमधली मोकळी जागा २ सेकंदांची असते. मैफलीचं सलग रेकॉर्डिंग तुकड्यांत असेल, तर ती ‘नन’ (काहीच नाही) करा, नाहीतर तान मध्येच तुटते. बर्न करण्याचा वेग कमी ठेवा आणि एकदाच लिहिता येणारी सीडी-आर वापरा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश फारच कमी परावर्तित होतो, त्यामुळे जुने प्लेअर ती वाचत नाहीत.

ऑडिओ सीडी बर्न करून तीच परत कॉम्प्युटरवर घेतली की कुलूप उरत नाही. इथे मात्र आवाज बिघडवून घेऊ नका. मूळ फाइल १२८ केबीपीएसची, म्हणजे बराच तपशील आधीच गेलेला. परत घेताना एमपी३ किंवा एएसी ठेवलं, की आणखी जातो, आणि झांजा, तानपुरा यांत तो पटकन कानाला जाणवतो. ‘इम्पोर्ट सेटिंग्ज’मध्ये ‘अॅपल लॉसलेस’ ठेवा. फाइल कितीतरी मोठी होईल, पण होता तेवढा आवाज शाबूत राहील. गाण्यांची नावं ‘ट्रॅक ०१’ अशी येऊ शकतात, म्हणून बर्न करण्याआधीच यादी लिहून ठेवा.

तुमच्या देशात आयट्यून्स मॅचची (तुमची गाणी स्टोअरमधल्या गाण्यांशी जुळवणाऱ्या सेवेची) वर्गणी मिळत असेल, तर सीडीचा खटाटोप टळतो. एम४पीचा बॅकअप घ्या, जुळलेल्या गाण्याची कॉम्प्युटरवरची फाइल तेवढी काढा (आयक्लाउडमधून काढू नका) आणि पुन्हा डाउनलोड करा. ते २५६ केबीपीएसचं, विनाकुलूप मिळतं.