पट्ट्यात ओवायचा कुत्र्याचा रुमाल

गाठ मारून बांधलेला रुमाल खेळताना सैल होतो आणि कुत्रं तो चावून फाडतं. घट्ट बांधावा तर गळ्याला काचतो. त्यापेक्षा लेंग्याला असतो तसा नेफा शिवून त्यातून पट्टाच ओवला की गाठीची भानगड नाही. खालची मापं १५ इंच गळ्याच्या देशी कुत्र्याची, एक इंची पट्ट्यासाठी.

कापड सुती पॉपलीन, अर्धा मीटर. आधी रात्रभर भिजवून, धुऊन, इस्त्री करून घ्या. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात नेफा आटतो, आणि गडद रंग पांढऱ्या केसांना लागतो तो वेगळाच. टिकल्या, मणी, घुंगरू नकोत. चावून गिळले जातात.

कागदावर १० इंच रुंद, ४ इंच उंच आयत काढा आणि त्याच्या खालच्या कडेला जोडून ६ इंच खोल त्रिकोण. उलटं धरलेलं घर दिसेल. चारी बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोडून दोन तुकडे बेता. आयताची वरची कड कापडाच्या काठाला समांतर ठेवा, नाहीतर नेफा ताणला जाऊन लोंबतो. रुंदी गळ्याच्या दोन तृतीयांश घेतली आहे, म्हणजे बकल आणि दोरी अडकवायची कडी मोकळी राहते.

आता उंची. सगळे चुकतात ते इथेच. पट्टा एक इंचाचा म्हणून नेफा सव्वा इंचाचा ठेवतात आणि बकल तोंडाशीच अडकतं. माप पट्ट्याचं नाही, बकलचं घ्यायचं: रुंदीच नव्हे, जाडीही धरून टेपने वेढा मोजा आणि नेफा त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त ठेवा. एक इंची पट्ट्याच्या प्लास्टिक बकलला दोन इंची नेफा लागतो, आणि नेफा आयत दुमडून होतो, म्हणून आयत दुप्पट, ४ इंचाचा.

दोन्ही सुलट बाजू आत ठेवून कडेने टीप मारा. सुई १४ नंबरची, टाका अडीच मिलिमीटर. वरच्या कडेला मधोमध ३ इंच उघडं सोडा. त्रिकोणाच्या टोकाशी थेट वळू नका, दोन टाके आडवे घालून मग वळा. टोकाची आणि कोपऱ्यांची जादा माया कापा, पण टिपेपासून दोन मिलिमीटर राखून. उलटवल्यावर टोक बाहेर काढायला विणायची सुई घ्या. कात्रीने कापडाला भोक पडतं. उघड्या जागेची माया आत दुमडून इस्त्री फिरवा.

मग वरची कड दोन इंच मागे दुमडा, ती बरोबर त्रिकोण सुरू होतो तिथे टेकेल. कडेलगत टीप मारली की नेफाही तयार होतो आणि उघडी जागाही बंद होते. दोन्ही टोकांना तीनचार टाके मागेपुढे घ्या; पट्टा ओढला की शिवण इथूनच उसवते.

नऊ इंच गळ्याच्या पॉमेरेनियनला, अर्धा इंची पट्ट्यासाठी: रुंदी ६, आयत अडीच, त्रिकोण साडेतीन इंच.

पट्टा लावल्यावर आत दोन बोटं सहज जायला हवीत. पावसाळ्यात रुमाल ओला झाला तर लगेच काढा, ओलीने खालची कातडी खाजते. रोज रात्री काढून नेफ्याखालचे केस बाजूला करून बघा, गोचिडांना ही जागा आवडते.