एबीजीची पट्टी कशी वाचावी

सांगली-मिरजेच्या रुग्णालयांत नव्याने रुजू झालेल्या परिचारिका आणि इंटर्न यांच्या हाती रात्रपाळीत एबीजी (धमनीच्या रक्तातील वायूंची तपासणी) यंत्रातून निघालेली अरुंद पट्टी पडते, तेव्हा बहुतेकांची नजर आधी ऑक्सिजनच्या आकड्याकडे जाते. शरीरातील आम्ल आणि अल्क यांचा तोल मात्र पीएच (आम्ल वाढले की उतरणारा आकडा), कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट (आम्लाला आवर घालणारा अल्क) या तीन आकड्यांतून कळतो. ते आधी केसपेपरवर उतरवून घ्यावेत, कारण त्या कागदावरची छपाई काही काळाने उडते.

वाचनाआधी नमुन्याची चौकशी करावी. यंत्र नसलेल्या एका छोट्या रुग्णालयातून वॉर्डबॉय मोटारसायकलवरून सिरिंज घेऊन आला होता. सिरिंजमध्ये हवेचा चांगला हरभऱ्याएवढा बुडबुडा होता आणि नमुना तासभर तसाच राहिलेला होता. बुडबुड्यामुळे कार्बन डायऑक्साइड खोटा कमी दिसतो, तर उशीर झाल्यास रक्तपेशी स्वतःच आम्ल तयार करत राहिल्याने पीएच उतरतो. दोन्ही चुका एकत्र आल्यावर त्या अहवालावर माझा तर्क तासभर भलतीकडेच धावला. म्हणून बुडबुडा लगेच काढावा, सिरिंजमध्ये हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) जास्त राहू देऊ नये आणि नमुना अर्ध्या तासाच्या आत यंत्राला लावावा.

मग पीएच पाहावा. तो ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान असतो. ७.४० वरून ७.१० हा उतार डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात रक्तातील हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड (३५ ते ४५ मिलिमीटर पारा) आणि बायकार्बोनेट (प्रति लिटर २२ ते २६ मिलिमोल) यांपैकी कोणता आकडा पीएचच्या बिघाडाशी जुळतो ते ठरवावे. पीएच उतरलेला आणि कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल, तर मूळ दोष श्वसनाचा. बायकार्बोनेट उतरलेले असेल, तर दोष चयापचयाचा. हा दुसरा दोष मूत्रपिंडांनीच केलेला असतो असे नाही, मात्र तो निस्तरण्याचे काम शेवटी त्यांच्याकडेच येते.

खरी मेख पुढे आहे: फुप्फुसे आणि मूत्रपिंडे एकमेकांची बाजू सावरतात, पण त्यांचे घड्याळ वेगळे आहे. रक्तात आम्ल वाढले की मेंदूतील श्वसनकेंद्र काही मिनिटांतच श्वास वाढवते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो. मूत्रपिंडे सावकाश चालतात. रोज गाळल्या गेलेल्या सुमारे ४,३०० मिलिमोल बायकार्बोनेटपैकी जवळजवळ सगळे ती रक्तात परत घेतात, आणि फुप्फुसांना बाहेर टाकता न येणारे आम्ल फॉस्फेट व अमोनियम यांच्या रूपाने लघवीतून घालवतात. हे काम वाढवून पूर्ण जोमाला यायला त्यांना तीन ते पाच दिवस लागतात.

एक उदाहरण पाहू. इन्सुलिन बंद केलेला तरुण मधुमेही धापा टाकत येतो. पीएच ७.२६, बायकार्बोनेट १०, कार्बन डायऑक्साइड २३. येथे कार्बन डायऑक्साइड किती अपेक्षित आहे हे काढण्यासाठी विंटर्सचे सूत्र लावावे: बायकार्बोनेटला दीडने गुणून ८ मिळवावेत, येणाऱ्या उत्तरात २ चा फरक चालतो. उत्तर २३ येते, म्हणजे फुप्फुसे अपेक्षेइतकीच राबत आहेत. तेथे ३५ असते, तर रुग्ण थकत चालला आहे असे समजून वरिष्ठांना लगेच बोलवावे लागले असते. आम्ल कसले आहे हे शोधण्यासाठी सोडियम १३६ मधून क्लोराइड १०२ आणि बायकार्बोनेट १० वजा केल्यास २४ उरतात. साधारण ८ ते १२ उरायला हवेत, म्हणून या आकड्यांत न मोजलेले आम्ल, बहुधा कीटोन, साचले आहे. या रुग्णाला दमा समजून नेब्युलायझर लावण्याची घाई करू नये, कारण ती खोल धाप त्याचा तोल राखत असते.

दुसरे उदाहरण आयुष्यभर चुलीपुढे बसून फुंकणी मारलेल्या, धुराने फुप्फुसे अधू झालेल्या आजींचे. कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट ३२, पीएच ७.३५. कार्बन डायऑक्साइड आज सकाळीच चढला असता, तर बायकार्बोनेट जेमतेम २६ आणि पीएच ७.२६ च्या आसपास दिसला असता. ३२ हा आकडा मूत्रपिंडांनी बऱ्याच दिवसांत जमवलेला साठा आहे. त्यामुळे ६० पाहून घाबरू नये आणि व्हेंटिलेटर लावावाच लागला, तर तो आकडा ४० वर आणण्याचा अट्टहासही धरू नये, कारण जमा झालेल्या बायकार्बोनेटमुळे पीएच उलट्या बाजूला झुकतो. अशा रुग्णाला ऑक्सिजन बेताने द्यावा आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ८८ ते ९२ टक्के दिसतील एवढाच ठेवावा. नातेवाईक ऑक्सिजन वाढवायला सांगतील, तेव्हा त्यांना हे समजावून सांगावे आणि अर्ध्या ते एक तासाने एबीजी पुन्हा करावी.